बास गिटारचा अ‍ॅम्प तापणं

बास गिटारचा अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर) तापणं म्हणजे अ‍ॅम्पच्या पोटात जेवढी उष्णता तयार होते तेवढी बाहेर न पडता साठत जाणं, इतकी की शेवटी अ‍ॅम्प स्वतःहून गप्प होतो, फ्यूज उडतो किंवा आउटपुटचे ट्रान्झिस्टर जातात. नुसतं गरम होणं हा बिघाड नाही, चालू अ‍ॅम्प गरम होणारच. मुंबईत ही तक्रार जॅमरूममध्ये, ऑर्केस्ट्रावाल्यांकडे, कॉलेज फेस्टला आणि गणपतीतल्या स्टेजवर सगळीकडे ऐकू येते, मे महिन्यात आणि ऑक्टोबर हीटमध्ये तर फारच. आणि बहुतेक वेळा पहिला संशय आतल्या सर्किट बोर्डावर घेतला जातो, अ‍ॅम्प उघडून ट्रान्झिस्टर बदलले जातात, पैसे जातात आणि पुढच्याच शोला तो परत बंद पडतो, कारण दोष आत नव्हताच, लोडमध्ये, म्हणजे जोडलेल्या स्पीकरमध्ये, नाहीतर हवेत होता. म्हणून शोध बाहेरून आत करत जायचा, बोर्ड सगळ्यात शेवटी.

बासचाच अ‍ॅम्प का

बासची सगळ्यात जाड ई तार मोकळी वाजवली की साधारण ४१ हर्ट्झचा सूर येतो, पाच तारांच्या बासवर खालची बी ३१ हर्ट्झच्या आसपास. इतके खालचे सूर ड्रमसोबत ऐकू यायचे तर पॉवर भरपूर लागते, म्हणून गिटारचं ५० वॉटमध्ये भागतं तिथे बासला ३०० ते ८०० वॉटचं हेड (स्पीकर नसलेला, वेगळ्या डब्यातला अ‍ॅम्प) लागतं. जुन्या पद्धतीच्या क्लास एबी अ‍ॅम्पमध्ये यातला मोठा वाटा उष्णता होऊन हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर, जातो. इथे एक गोष्ट बऱ्याच वाजवणाऱ्यांना माहीत नसते, ती म्हणजे असा अ‍ॅम्प फुल आवाजाला सगळ्यात जास्त तापत नाही, मधल्या आवाजाला तापतो. हिशोब असा की आउटपुट कमाल पॉवरच्या ४० टक्क्यांच्या आसपास असताना ट्रान्झिस्टरमध्ये सर्वाधिक उष्णता पडते, म्हणजे ३०० वॉटचा अ‍ॅम्प १२० वॉट बाहेर देत असतो तेव्हा जवळपास १२० वॉटच आत जाळत असतो. "मी तर निम्म्यावरच ठेवला होता" हे वाक्य म्हणून फारसं कामाचं नाही.

क्लास डीचे नवे हेड ८५-९० टक्के पॉवर स्पीकरला पोचवतात, दोन-तीन किलोचे असतात, खांद्याच्या बॅगेतून लोकलने नेता येतात. पण जागा लहान, फॅन लहान आणि जाळ्या बाजूला. बॅगेची नुसती वरची चेन उघडून हेड तसंच आत ठेवून वाजवणारे मी बघितलेत, त्यात बाजूच्या जाळ्या पूर्ण झाकल्या जातात, हे कृपया करू नका.

ट्यूबवाल्यांचं, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्यांचं, वेगळं. अ‍ॅम्पेगचा एसव्हीटी १९६९ साली आला, ३०० वॉटचा, आउटपुटला सहा ट्यूब. ६५५० जातीच्या एका ट्यूबचा फिलामेंटच ६.३ व्होल्टवर १.६ अँपिअर खातो, म्हणजे दहा वॉट, सहा ट्यूबचे साठ वॉट नुसते पेटून राहायलाच गेले, एक सूरही न वाजवता. तिथे गरम लागणं नॉर्मल आहे. नॉर्मल नाही ते ट्यूबची आतली राखाडी प्लेट लालसर होणं, अंधारात बघितलं की स्पष्ट दिसतं. फिलामेंटचा नारिंगी उजेड वेगळा आणि प्लेटचा लाल डाग वेगळा. डाग दिसला की ताबडतोब बंद करायचा, बायस (न वाजवताही वाहणारा ठरवून दिलेला करंट) बिघडलाय किंवा ट्यूब गेलीय.

आधी विचारायचं की कधी तापतो

चालू करून काहीच न वाजवता दोन-पाच मिनिटांत हीटसिंक चटका देत असेल तर दोष आत आहे. वीस-तीस मिनिटं वाजवल्यावर आवाज जातो आणि दहा मिनिटांनी आपोआप परत येतो, तर हीटसिंकवरचा थर्मल स्विच (ठरावीक तापमानाला अ‍ॅम्प बंद करणारा) आपलं काम करतोय, तिथे हवा आणि लोड बघायचं. एकाच जागी तापतो आणि बाकी सगळीकडे नीट चालतो तर त्या जागेचा लाइटचा सप्लाय किंवा अ‍ॅम्प ठेवायची जागा. हीटसिंक थंड आणि ट्रान्सफॉर्मरला वार्निशसारखा वास, तर तापतोय तो ट्रान्सफॉर्मर, तिथे खालचं लाइटच्या सप्लायचं बघायचं. या चार प्रश्नांनी निम्मं काम होतं.

बाहेरच्या हीटसिंकवर हात टेकवून अंदाज घेता येतो, ५५-६० अंशाच्या पुढे हात टिकत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो कमी दाखवतो, काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मारायचा.

मुंबईचा इथे थेट संबंध आहे. समजा वाजवताना हीटसिंक आजूबाजूच्या हवेपेक्षा ४५ अंश वर जातो. एसी जॅमरूममध्ये २५ अंश असेल तर तो ७० वर थांबतो आणि काही होत नाही. तोच अ‍ॅम्प मंडपात, पत्र्याखाली, वर स्टेजचे पार लाइट, हवा ३८ अंश, तर हीटसिंक ८३, आणि थर्मल स्विच ८० चा असेल तर झाला बंद. अ‍ॅम्प तोच, वाजवणारा तोच, काहीही बिघडलेलं नाही.

लोड

माझ्या मते सगळ्यात जास्त अ‍ॅम्प इथे मरतात. हेडच्या मागे किमान किती ओहम चालेल ते लिहिलेलं असतं, बहुतेकांवर ४. आठ ओहमची दोन कॅबिनेट (स्पीकरचे खोके) लावली की मिळून ४ ओहम होतात, ते ठीक. चार ओहमची दोन लावली की २ ओहम, एक आठ आणि एक चार लावलं की २.७ च्या आसपास. लोड निम्मा झाला की करंट दुप्पट आणि आतली उष्णताही साधारण दुप्पट, हीटसिंक मात्र तेवढाच. पहिल्या कॅबिनेटच्या दुसऱ्या सॉकेटमधून पुढच्या कॅबिनेटला वायर नेली की ती सिरीज झाली, म्हणजे ओहमची बेरीज झाली, असं खूप जणांना वाटतं, तसं नसतं, नेहमीच्या कॅबिनेटमध्ये ती पॅरललच असते. भाड्याने आलेल्या कॅबिनेटचं लेबल बघितल्याशिवाय जोडू नका, साउंडवाला "चालतं हो, सगळे लावतात" म्हणाला तरी.

मल्टीमीटरने कॅबिनेट मोजलं तर ८ ओहमचं साडेपाच ते साडेसहा दाखवतं आणि ४ ओहमचं तीन-साडेतीन, कारण मीटर डीसी रेझिस्टन्स मोजतो. हे नॉर्मल. त्याहून बरंच कमी आलं तर कॉइल आत शॉर्ट झालीय किंवा जॅकमधल्या तारेचा एखादा बारीक धागा दुसऱ्या तारेला टेकतोय. स्पीकरला गिटारची केबल लावणं हाही असाच प्रकार, दोन्ही टोकांना जॅक सारखाच म्हणून चालवली जाते, पण तिच्यातली तार बारीक, स्पीकरचा करंट तिला झेपत नाही, ती तापते आणि आत वितळून शॉर्ट झाली की आउटपुट उडतं. ट्यूब अ‍ॅम्पला उलटी भीती, स्पीकर न जोडता तो कधीही वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

हवा

परळला एका मंडळाच्या स्टेजवर अ‍ॅम्प दर पंचवीस मिनिटांनी बंद व्हायचा, सगळे लोड तपासत बसलो, लोड बरोबर. शेवटी मागे जाऊन बघितलं तर डेकोरेशनचा मखमली पडदा फॅनने आत ओढून जाळीला चिकटवून घेतला होता, अगदी हाताने सोलून काढावा लागला, कापडावर जाळीची गोल नक्षी उमटलेली. पडदा वीतभर मागे बांधला आणि अ‍ॅम्प शेवटच्या गाण्यापर्यंत चालला.

उघडल्यावर दिसतं ते बहुतेकदा असं की हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा आणि कपड्याच्या तंतूंचा थर, करडा, दाबलेल्या कापसासारखा घट्ट, चिमटीने उचलला तर पट्टीसारखा सलग निघतो. ही जवळजवळ गोधडीच आहे, त्या अ‍ॅम्पला मेमध्ये घातलेली. मऊ ब्रश आणि ब्लोअरने साफ करायचं, पण ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर ते वेड्यासारखं फिरून बेअरिंग खराब होतं. समुद्राच्या खाऱ्या दमट हवेने फॅनची बेअरिंग आणि कनेक्टर गंजतात, आणि टेम्पोच्या धक्क्यांनी फॅनची पिन निसटते, त्यामुळे फॅन फिरतोय का हे डोळ्यांनी बघायचं. काही अ‍ॅम्पमध्ये गरम झाल्यावरच फॅन सुरू होतो, तेही लक्षात ठेवायचं.

फॅन बदलायचा तर जुना फॅन हातात घेऊन ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला जायचं. स्टिकरवर १२ व्होल्ट की २४ ते बघायचं, माप आणि जाडी जुळवायची, आणि बसवताना हवा कोणत्या बाजूला जायची ते जुन्यासारखंच ठेवायचं, उलटा बसलेला फॅन फिरतो पण थंड करत नाही.

लाइटचा सप्लाय

आपल्याकडे २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. अमेरिकेहून आणलेला १२० व्होल्ट ६० हर्ट्झचा अ‍ॅम्प स्टेपडाउनवर चालवला की व्होल्टेज जुळतं पण हर्ट्झ नाही, आणि ६० साठी कसून बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. स्टेपडाउनही अ‍ॅम्पच्या वॉटपेक्षा चांगला मोठा हवा. मंडपात लांबलचक बारीक एक्स्टेंशनवर व्होल्टेज पडलं की एसएमपीएसवाला (स्विचिंग पॉवर सप्लायचा) अ‍ॅम्प तेवढीच पॉवर काढायला जास्त करंट ओढतो आणि तापतो.

आतलं काम

ज्याला मल्टीमीटर नीट येतो त्यानेच. ट्यूब अ‍ॅम्पमध्ये प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये ४०० ते ७०० व्होल्ट राहू शकतात, माणूस मरतो त्याने, आधी रेझिस्टरमधून डिस्चार्ज करायचं आणि मीटरने खात्री करायची. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेला अ‍ॅम्प आला तर पहिलं काम ती तार काढून लिहिलेल्या रेटिंगचा फ्यूज टाकणं.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवर, म्हणजे अ‍ॅम्पच्या लाइनमध्येच १०० वॉटचा साधा पिवळा (फिलामेंटवाला) बल्ब लावून. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर बरं, लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. मग बायस. ट्रान्झिस्टर तापला की त्याला चालू व्हायला लागणारं बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्ट उतरतं, म्हणून तो जास्त करंट घेतो, जास्त तापतो, आणि हे चक्र सुरू झालं की काही सेकंदांत सगळं संपतं. ते आवरायला एक छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकला चिकटवलेला असतो. तो गोंद सुकून सुटला आणि हवेत लोंबकळत राहिला की त्याला कळतच नाही हीटसिंक किती तापलाय, हा दोष डोळ्यांना दिसतो तरी हमखास सुटतो. मोजायचं ते ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर, साडेपाच मिलिव्होल्ट आले तर करंट २५ मिलिअँपिअर, ५५ आले तर २५०, आणि सप्लाय वर-खाली साठ-साठ व्होल्टचा असेल तर एका जोडीत ३० वॉट नुसते बसल्या बसल्या जळतायत. बरोबर आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलचा धरायचा.

बायस बरोबर आणि तरी न वाजवता तापतो, तर अ‍ॅम्प कानाला ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट होत, म्हणजे स्वतःहूनच थरथरत, असू शकतो. आउटपुटजवळ साधारण १० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर असतो, तो रेझिस्टर काळा पडलाय का बघायचं. खात्री ऑसिलोस्कोपनेच होते.

ट्रान्झिस्टर काढलाच तर जुनी सुकलेली हीटसिंक पेस्ट पूर्ण पुसून पातळ थर लावायचा, जाड लावली की उलट उष्णता अडते. ट्रान्झिस्टर आणि हीटसिंकच्या मधला वीज अडवणारा अभ्रकाचा तुकडा तडकलेला नको. बसवल्यावर ट्रान्झिस्टरची पाठ आणि हीटसिंक यांच्यात मीटर बीप करता कामा नये. बाजारात नकली पॉवर ट्रान्झिस्टर भरपूर आहेत, स्वस्त जोडी लावून पुन्हा उडवण्यापेक्षा खात्रीच्या दुकानातूनच घ्यावेत.

चालू शोमध्ये

गाणं सोडून अ‍ॅम्प उघडता येत नाही. अ‍ॅम्पच्या डीआयमधून (मिक्सरला जोडायच्या सॉकेटमधून) लाइन पीएला, म्हणजे हॉलच्या साउंड सिस्टिमला, द्यायची, अ‍ॅम्पवर बासचा नॉब आणि आवाज बराच खाली आणायचा, ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प असेल तर ब्रेकमध्ये बंद करून एक कॅबिनेट काढायचं, मागून टेबल फॅन लावायचा. थर्मलला गेला आणि आतला फॅन फिरत असेल तर मेन स्विच बंद करू नका, आवाज शून्यावर ठेवून फॅनला काम करू द्या, लवकर थंड होतो. ओला फडका, बर्फ काहीही नको. शो संपल्यावर लगेच कव्हर घालायचं नाही.

दुरुस्तीनंतरची टेस्ट झाकण लावूनच घ्यायची, कारण उघड्या अ‍ॅम्पमध्ये हवा वेगळी फिरते आणि टेबलावर थंड राहिलेला अ‍ॅम्प झाकण लावल्यावर तापतो. ज्या कॅबिनेटवर तो रोज वाजणार तेच लावायचं, एसी बंद, मधल्या आवाजाला सलग तासभर, आणि दर दहा मिनिटांनी त्या काळ्या टेपवरचा आकडा लिहून ठेवायचा. अर्ध्या-पाऊण तासाने आकडा एका जागी थांबला तर अ‍ॅम्प द्यायला हरकत नाही, चढतच राहिला तर परत झाकण उघडायचं.