लाँगआर्म क्विल्टिंग मशीन लांबच्या खरेदीदाराकडे पाठवताना
(विकणाऱ्या आणि विकत घेणाऱ्या, दोन्ही ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

लाँगआर्म म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या क्विल्टवरून (गोधडीवरून) हेड सरकवत टाके घालणारे मोठे शिलाई मशीन. ते पाठवायचे म्हणजे एक नग नव्हे, तीन. मशीनचे हेड, लांब रोलर आणि रेल, आणि उरलेली फ्रेम. हेड फुटते, रोलर वाकतात, फ्रेमचे बोल्ट हरवतात. तेव्हा तिघांचे बांधणे वेगवेगळे. सगळे एकाच मोठ्या पेटीत भरा, स्वस्त पडेल, असे पुष्कळ ग्राहक सुचवतात. स्वस्त पडत नाही. बारा फुटी, म्हणजे ३६६ सेमी लांबीच्या रोलरसाठी पेटी तेवढी लांब करावी लागते आणि हेडभोवतीच्या रिकाम्या जागेचेही भाडे भरावे लागते. त्यात वाटेत हादरा बसला की हेड थेट रोलरवर आदळते.

भाडे कशावर ठरते

वाहतूकदार दोन वजने काढतो: काट्यावरचे आणि आकारमानावरचे. त्यातले जे जास्त, त्याचे भाडे. हवाई मालात लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणाकाराला ६००० ने भागतात. कुरिअर कंपन्या बहुधा ५००० ने. हेडची पेटी १०० × ५० × ६७.५ सेमी असेल तर आकारमानाचे वजन ५६.२५ किलो येते. पेटीसकट काट्यावर ४३ किलो भरले तरी भाडे ५६.२५ चेच, कुरिअरने पाठवले तर ६७.५ चे. सुट्या समुद्री मालाला एक घनमीटर म्हणजे एक टन हा हिशेब असतो, म्हणून क्विल्टिंग मशीनला तिथे जवळजवळ नेहमी आकारमानच लागू होते. थोडक्यात, पेटी दहा सेमीने आखूड केली तर वाचते. दोन किलोचे सुटे भाग मागे ठेवून काही वाचत नाही.

रोलर विमानाने पाठवायचे असतील तर आधी विचारा. हवाई मालाचे नेहमीचे पॅलेट ३१८ सेमी लांब असते. १२ फुटी रोलर त्याच्या बाहेर येतो आणि प्रत्येक विमान तो घेत नाही. त्यावर उपाय म्हणून रोलर मधून कापून पुढे जोडून घ्यायचा बेत कुणी सांगितला तर नको म्हणा. जोडावर नळी किंचित जरी तिरकी झाली तरी ती फिरताना कापड एका बाजूला सैल पडते आणि क्विल्टच्या पाठीला चुण्या येतात. मूळचाच दोन तुकड्यांत जोडायचा रोलर असेल तर गोष्ट वेगळी; मात्र सोडवण्यापूर्वी जोडाच्या दोन्ही बाजूंना एकच क्रमांक लिहा आणि सांध्यावर आडवी रेघ ओढा.

हेड उतरवण्याआधी

सुटे करण्याआधी फोटो काढा: प्रत्येक केबल कुठल्या खाचेत जाते, धागा कुठल्या वाटेने जातो, मागच्या पाटीवरचा अनुक्रमांक आणि व्होल्टेज. केबलच्या दोन्ही टोकांना एकसारखी चिठ्ठी लावा. एकाच टोकाला लावली तर दुसरे टोक कुठे बसवायचे हा प्रश्न उरतोच.

मग सुई, बॉबिन केस आणि धागा काढा. हुकभोवतीची (सुईखाली फिरून टाका गुंफणाऱ्या भागाभोवतीची) कापसाची धूळ ब्रशने झाडा; फुंकर मारू नका, ती आत जाते. हॉपिंग फूटखाली (सुईभोवती वर-खाली होणाऱ्या दाबपायाखाली) दुमडलेल्या कापडाची घडी ठेवून ते खाली टेकवा. सुईदांडा वर येईल तिथे हातचाक थांबवून ते पट्टीने बांधून टाका, म्हणजे प्रवासात ते फिरून हुकचे टायमिंग (सुईशी असलेला मेळ) हलणार नाही. तेलाची टाकी असलेल्या मशीनचे तेल काढून घ्या, तेलाची बाटली पेटीत ठेवू नका. हँडल, स्क्रीन, धाग्याचा उभा मास्ट आणि एन्कोडर (टाक्यांची लांबी सारखी ठेवण्यासाठी मशीनची हालचाल मोजणारे चाक) सोडवा आणि त्यांना वेगळा खोका द्या.

हेड साधारण २० ते ३५ किलोचे असते आणि मोटरच्या बाजूला जास्त जड. उचलताना दोघे हवेत. एक हात मागच्या खांबाखाली, दुसरा पुढच्या बाजूला वरच्या आर्मखाली. हँडल, टेन्शनची चकती किंवा धाग्याचा मार्गदर्शक धरून उचलू नका. हेड जमिनीवर ठेवायचे तर खालच्या आर्मच्या टोकावर भार येऊ देऊ नका. हुक तिथेच आहे.

चाकांवर वजन ठेवू नका

ही एवढी एकच गोष्ट पाळली तरी निम्म्या तक्रारी टळतील. हेड आणि कॅरेज (हेडखालचा सरकता गाडा) बारीक बेअरिंगच्या चाकांवर रेलवरून धावतात. मशीन चाकांवर उभे ठेवून ट्रकने नेले तर चाके फिरत नाहीत पण थरथरतात, आणि बेअरिंगच्या गोळ्या एकाच जागी आपल्या धावपट्टीवर घासून खळगे पाडतात. बाहेरून चाक नवेकोरे दिसते. रेलवर सरकवले की मात्र बोटाला टिक-टिक जाणवते आणि क्विल्टिंगच्या सरळ रेघेत ठराविक अंतरावर लहरी दिसतात. खरेदीदाराला वाटते मशीन खराबच होते, विकणाऱ्याला वाटते उगाच तक्रार.

म्हणून हेडच्या लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या अंगाखाली लाकडी ठोकळे घालावेत आणि चाके ५ ते १० मिमी अधांतरी लोंबती ठेवावीत. कॅरेज उलटे करून, चाके वर ठेवून बांधले तरी चालते. एन्कोडरचे रबरी कडे तर स्प्रिंगने रेलवर सतत दाबलेले असते. ते तसेच आठवडाभर दाबून ठेवले तर एका जागी चपटे होते आणि टाके लांब-आखूड पडतात. म्हणूनच एन्कोडर सोडवायला आधी सांगितले.

पेटी कशी असावी

मूळ खोका आणि त्यातले साच्याचे फोम जपून ठेवले असतील तर उत्तमच. तरी जुना पुठ्ठा एकदा ओला झालेला असेल तर त्याचा भरवसा नाही.

नवी पेटी करायची असेल तर तळाला पॅलेट, वर किमान १२ मिमी प्लायवूड, आणि हेड त्याला बोल्टने आवळलेले. फ्रेमला बसवण्याची भोके हेडला बहुधा असतात. त्यातूनच ८ मिमी बोल्ट आरपार न्या आणि खाली रुंद वॉशर घाला, नाहीतर हादऱ्याने वॉशर प्लायवूडमध्ये रुततो आणि बोल्ट सैल होतो. भोके नसली तर हेडच्या आकाराचा लाकडी पाळणा करून पॉलिस्टर पट्ट्यांनी आवळा. पट्टी धातूच्या अंगावरून जाऊ द्या. प्लास्टिकच्या झाकणावर रॅचेट घट्ट केले तर झाकणाला तडा जातोच, आणि त्याचा दोष वाहतूकदाराला देता येत नाही.

भरायला ५० मिमीचा टणक पॉलिथिलीन फोम वापरा. बबल रॅप २५ किलोखाली चपटा होतो. थर्माकोलचे दाणे तर याहून वाईट: हादऱ्यांनी ते बाजूला सरकतात, मशीन हळूहळू तळाशी बसते, आणि फुटलेले कण हुकमध्ये शिरतात. बंद पेटी हलवून बघा; आत काहीही सरकल्याचा आवाज आला तर उघडून पुन्हा भरा.

पेटी उंच आणि अरुंद झाली तर लोक ती आडवी टाकतात, कितीही बाण काढले तरी. आमच्या पेट्यांच्या तळाची रुंदी उंचीच्या दोन-तृतीयांशाच्या खाली आम्ही जाऊ देत नाही. झुकाव दाखवणारे आणि धक्का दाखवणारे स्टिकर दोन वेगवेगळ्या बाजूंना लावतो. ते मशीन वाचवत नाहीत, पण फोर्कलिफ्टवाल्याचा हात जरा हलका पडतो.

समुद्रमार्गे जाणाऱ्या हेडला गंजरोधक प्लास्टिकची पिशवी आणि सिलिका जेल लागते. दिवसा तापलेल्या आणि रात्री गार झालेल्या कंटेनरच्या छताखाली पाणी धरते आणि खाली टपकते. पेटीत वर्तमानपत्र कोंबू नका, ते ओल शोषून धरते. रोलरच्या पोलादी टोकांना तेलाचा पुसट हात द्या. रेलच्या धावपट्टीला मात्र नको, तिथे धूळ चिकटते.

रोलर आणि रेल

रोलर एकमेकांना थेट लागू देऊ नयेत. प्रत्येकाला फोमची गुंडाळी, मग प्लास्टिकचा पाइप किंवा जाड पुठ्ठ्याची नळी. टोके लाकडी चकत्यांनी बंद करा. रोलर मधे वाकण्याआधी बहुधा त्याच्या टोकाला चेप येतो, आणि चेपलेल्या टोकात रॅचेटचे चाक बसत नाही. सगळा जुडगा एका सरळ लाकडी फळीला दर ६० सेमीवर बांधा. फळी नसेल तर दोन माणसे तो दोन्ही टोकांना धरून उचलतात आणि मधे झोळ पडतो.

बोल्ट आणि वॉशर फ्रेमच्या भागाप्रमाणे वेगवेगळ्या पिशव्यांत भरा आणि पिशवी त्याच भागाला चिकटवा. सगळे एका डब्यात असले तर जोडणाऱ्याचे दोन तास लांबी मोजण्यातच जातात.

लाकडावरचा शिक्का

परदेशी जाणाऱ्या पेटीचे सगळे भरीव लाकूड आयएसपीएम १५ या (लाकडातून कीड पसरू नये म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय) नियमाप्रमाणे प्रक्रिया केलेले हवे. उष्णतेने केलेल्या प्रक्रियेत लाकडाच्या गाभ्याचे तापमान निदान ३० मिनिटे ५६ अंश सेल्सिअस राहावे लागते आणि लाकडावर गव्हाच्या कणसाच्या चिन्हासह ‘एचटी’ असा शिक्का उमटतो. प्लायवूडला आणि ६ मिमी किंवा त्याहून पातळ लाकडाला नियम लागू नाही. चूक बहुधा आतल्या ठोकळ्यांत होते: पेटी प्लायवूडची, पॅलेट शिक्क्याचे, आणि हेडखाली मात्र कारखान्यात पडलेला बिनशिक्क्याचा तुकडा. तो सापडला की सगळा माल अडतो.

कागद आणि विमा

बिलावर आणि पॅकिंग लिस्टवर मॉडेल, अनुक्रमांक, नवे की वापरलेले, आणि खरी किंमत लिहा. सीमाशुल्काच्या (एचएस) वर्गीकरणात शिलाई मशीन ८४५२ या शीर्षकाखाली येतात. ‘भेटवस्तू’ लिहून किंमत कमी दाखवू नका. नुकसान झाले तर विमाही त्याच कमी किमतीवर मोजला जातो.

वाहतूकदाराची जबाबदारी म्हणजे विमा नव्हे. जिथे आंतरराष्ट्रीय करार लागू होतात तिथे ती किलोवर बांधलेली असते: माँट्रियल करारानुसार हवाई मालाला किलोमागे २६ एसडीआर (२८ डिसेंबर २०२४ पासून), रस्त्याच्या सीएमआर करारानुसार ८.३३. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक. ४३ किलोच्या पेटीला रस्त्याने जास्तीत जास्त सुमारे ३५८ एसडीआर मिळतील, आत कितीही महागडे मशीन असो.

म्हणून विमा वेगळा काढा आणि कलम वाचा. इन्कोटर्म्स २०२० (आंतरराष्ट्रीय विक्रीच्या प्रमाणित अटी) मध्ये सीआयपी या अटीत, म्हणजे भाडे आणि विमा विकणाऱ्याकडे असताना, त्याला मालविम्याच्या ‘ए’ कलमांचा (इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ए) विस्तृत विमा द्यावा लागतो. सीआयएफमध्ये (समुद्रमार्गाच्या तशाच अटीत) ‘सी’ कलमांचा किमान विमा पुरतो, आणि तो आग, बुडणे, गाडी उलटणे अशा मोठ्या अपघातांसाठी आहे. चढवता-उतरवताना पेटी हातातून सुटली तर ‘सी’ उपयोगी पडत नाही. अपुरे पॅकिंग मात्र ‘ए’ कलमांतूनही वगळलेले आहे, तेव्हा पेटी बंद करण्याआधी आतले फोटो काढून ठेवा. वापरलेल्या मशीनला अनेकदा गंज, ओरखडे आणि बाहेरून इजा नसताना झालेला यांत्रिक किंवा विद्युत बिघाडही वगळतात.

माल दारात आल्यावर

गाडीला मागे उचल-फळी आहे का, दाराची रुंदी, जिन्याचे वळण, लिफ्टची खोली हे आम्हाला आधी कळवा. ‘दारपोच’ याचा अर्थ बहुतेक वेळा रस्त्याच्या कडेपर्यंतच असतो.

पोचपावतीवर सही करण्याआधी पेटीभोवती एक फेरी मारा. कोपरा फुटला, तळ ओला, स्टिकर लाल झाले, जे दिसेल ते त्याच पावतीवर नेमक्या शब्दांत लिहा आणि चालकाचीही सही घ्या. ‘तपासून घेऊ’ एवढे लिहून भागत नाही. बाहेरून न दिसलेल्या नुकसानीची लेखी तक्रार हवाई मालासाठी १४ दिवसांत, सीएमआर रस्ता वाहतुकीत रविवार-सुट्ट्या सोडून ७ दिवसांत, आणि हेग-विस्बी नियमांच्या समुद्री मालासाठी अवघ्या ३ दिवसांत करावी लागते. तोवर पेटी, फोम, पट्ट्या काहीही टाकू नका.

थंड गाडीतून आलेले हेड उबदार खोलीत लगेच उघडले तर त्यावर दव धरते. प्लास्टिक न फाडता २४ तास तसेच राहू द्या.

जोडणी आणि पहिला टाका

आधी पाय आणि रेल. पाणसळीने लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडे पातळी साधा, मग कॅरेज मधोमध ठेवून हात काढा. ते आपोआप सरकू लागले तर पाय पुन्हा जुळवा. हेड सर्वांत शेवटी चढवा.

वीज जोडण्याआधी मागची पाटी बघा. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. नव्या मशीनच्या इलेक्ट्रॉनिक पुरवठ्याला बहुधा फरक पडत नाही, पण ६० हर्ट्झची जुनी एसी मोटर ५० हर्ट्झवर सुमारे एक-षष्ठांशाने हळू फिरते आणि जास्त तापते.

हातचाकाची पट्टी काढा, हुकला तेलाचा एक थेंब द्या, आणि सुई न लावता हातचाक एक पूर्ण फेरा फिरवा. अडकले किंवा खट आवाज आला तर तिथेच थांबा. मग सुई लावून पुन्हा एक फेरा. टाके सुटत असतील किंवा सुई मोडत असेल तर प्रवासात टायमिंग हलले आहे. धाग्याचे टेन्शन फिरवत बसू नका.

शेवटी इंचाला १० टाके लावून ६ इंचांची एक रेघ आडवी आणि एक उभी घाला. दोन्हीत ६० च्या आसपास टाके मोजता यायला हवेत. एकाच दिशेत कमी-जास्त आले तर त्या दिशेचा एन्कोडर रेलवर नीट टेकत नाही किंवा त्याचे कडे चपटे झाले आहे. या दोन रेघांचा, शेजारी मोजपट्टी ठेवून जवळून काढलेला फोटो आणि एन्कोडरचा एक फोटो आम्हाला पाठवा. कडे बदलायचे की नुसता स्प्रिंग सरकवायचा, ते फोटोवरून सांगता येते.