दृष्टीसमोरचे न दिसणे

बांधकामावरील अपघाताच्या बातमीत ‘कामगाराचे लक्ष नव्हते’ हे कारण एकदा छापून आले की चौकशी तेथेच संपते. परंतु लक्ष नसणे आणि लक्ष दुसऱ्या कामात पूर्णपणे गुंतलेले असणे यांत मोठा फरक आहे. स्लॅबमधील मोकळ्या भोकावर ठेवलेला, पण खिळे न ठोकलेला प्लायवूड कामगार शटरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट ओतण्याच्या साच्यासाठी, उचलतो, तो अंगासमोर उभा धरून एक पाऊल पुढे टाकतो आणि थेट खाली जातो. त्या क्षणी त्याचे संपूर्ण लक्ष हातातील फळीच्या तोलावर असते.

डोळ्यांवर पडलेले प्रत्येक दृश्य मेंदू नोंदवून घेत नाही. हाती असलेल्या कामाशी जे जुळते ते जाणिवेपर्यंत पोहोचते, बाकीचे सहज निसटते. सायमन्स आणि शाब्री या मानसशास्त्रज्ञांच्या १९९९ सालच्या प्रयोगात चेंडूचे पास मोजण्यात गढलेल्या सुमारे निम्म्या प्रेक्षकांना पडद्यावरून चालत गेलेला गोरिलाच्या वेषातील माणूस दिसला नाही. २०१३ मध्ये फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधणाऱ्या २४ रेडिओलॉजिस्टपैकी २० जणांना त्याच स्कॅनमध्ये मुद्दाम घातलेले, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठे गोरिलाचे चित्र जाणवले नाही, आणि नेत्रहालचालींच्या नोंदीनुसार त्या २० पैकी १२ जणांची नजर थेट त्या चित्रावर पडलेली होती. तज्ज्ञांची ही गत, तर डोक्यावर ओझे घेऊन परांचीवर चालणाऱ्याला ‘नीट बघून चाल’ असे बजावण्याला कितीसा अर्थ उरतो?

शिवाय लक्ष टिकत नाही. रडारवरील निरीक्षकांच्या चुकांचा अभ्यास करताना मानसशास्त्रज्ञ मॅकवर्थ यांना १९४८ मध्ये आढळले की एकसुरी पहाऱ्यात पहिल्या अर्ध्या तासातच क्वचित येणारे संकेत निसटू लागतात. दिवसभर वाजणारा डंपरचा रिव्हर्स हॉर्नही असाच सवयीने कानाआड जातो. मेंदूच्या लहरी मोजून सावध करणाऱ्या हेल्मेटचा गाजावाजा म्हणूनच मला पटत नाही, कारण ते हेल्मेट आणखी एक भोंगाच ठरण्याचा संभव अधिक. आणि ‘त्याची वेळ भरली होती’ हे स्पष्टीकरण तर मुकादमापासून मालकापर्यंत सर्वांनाच मोकळे करते.

तीन मीटरवरून पडणारा माणूस सुमारे ०.८ सेकंदात, ताशी २७ किलोमीटरहून अधिक वेगाने जमिनीवर आदळतो. तेवढ्या वेळात सावरणे अशक्यच. म्हणून भोकावरील झाकण खिळ्यांनी पक्के करून त्यावर ठळक रंगात ‘खाली भोक आहे’ असे लिहावे लागते, आणि स्लॅबच्या कडेला कठडा असावा लागतो, कारण कामगाराचे लक्ष कोठेही असले तरी कठडा त्याला अडवतोच.