भरती दमते तिथलं गाव

खाडीकाठच्या म्हाताऱ्याला भरतीची वेळ विचारा. तो घड्याळ बघणार नाही, तिथी विचारेल. आज अष्टमी? मग आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. ठिकाणापरत्वे थोडं मागे-पुढे. चंद्रामुळे भरती दर तिथीला सरासरी 48 मिनिटं उशिरा येते. तोंडी हिशेबासाठी जुन्या लोकांनी 45 धरली, इतकंच.

कोकणातली नदीकाठची गावं याच हिशेबावर वाढली. मचवा, म्हणजे मालाची शिडाची होडी, भरतीबरोबर खाडीत शिरायचा, पाण्याचा रेटा संपला की माल उतरायचा, पुढचं काम बैलांचं. वाशिष्ठीवरचं चिपळूण, सावित्रीवरचं महाड, अर्जुनेवरचं राजापूर ही गावं समुद्रापासून चांगली आत, तरी व्यापाराची बंदरं! चिपळूणहून कुंभार्ली घाट चढला की कराड, महाडहून वरंधा चढला की भोर.

पण धक्क्याजवळ प्यायचं काय? खारं पाणी जड, म्हणून ते गोड्या पाण्याखालून, तळाने पाचरीसारखं आत घुसतं. पावसाळ्यात नदी त्याला मागे रेटते, मे महिन्यात तिच्यात तेवढा जोर नसतो. त्यामुळे घरं उतारावर, जांभ्याच्या, म्हणजे कोकणी तांबड्या दगडाच्या, कुशीत. जांभा सच्छिद्र, सड्यावरचा, म्हणजे वरच्या सपाट कातळमाळावरचा, पाऊस त्यात मुरतो, खालच्या चिकण थराला अडतो आणि उताराच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडतो. विहीर तिथेच.

मग खाजणाला, म्हणजे भरतीचं खारं पाणी शिरणाऱ्या सखल जमिनीला, बांध घालून भात पिकवायचं. बांधातली उघाडी मला फार हुशार वाटते: लाकडी झडप, बाहेरच्या बाजूलाच उघडणारी. भरती तिला दाबून बंद करते, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी ढकलून उघडतं. राखणदार नाही, किल्ली नाही.

वस्ती किती जुनी असू शकते हे पाहायचं तर दापोली तालुक्यातलं पन्हाळेकाजी गाठावं. कोटजाई नदीच्या काठावर 29 लेणी. आधी बौद्धांची, पुढे शैव आणि नाथपंथीयांचा वावर. शिलाहारांच्या 1139 च्या ताम्रपटात गावाचं नाव प्रणालक असं येतं. प्रणाल म्हणजे पन्हळ, नावातच पाणी.

जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडालं, तेव्हा डोंगरातून येणारा लोंढा आणि समुद्राची भरती एकमेकांसमोर उभी ठाकली होती. उतारावरची जुनी घरं त्यातल्या त्यात बरी राहतात. बाजारपेठ मात्र खालीच, कारण माल उतरायचा तो पाण्याजवळच.