नेटवर्कची केबल घेण्याआधी मोजायच्या आणि बघायच्या गोष्टी

आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक आल्याआल्या विचारतात, "कॅट ६ कशी दिली?" (कॅट म्हणजे नेटवर्क केबलचा दर्जा, पुढे त्याचा आकडा.) भाव आम्ही सांगतोच. पण त्याआधी आम्हाला तीन गोष्टी कळायला हव्या असतात: केबल कुठून कुठे जाणार, तिच्या टोकाला काय बसणार, आणि ती भिंतीत गाडली जाणार की उघड्यावर राहणार. राऊटर तीन-चार वर्षांनी बदलता येतो, नेटवर्कचा स्विचही (बऱ्याच केबल एकत्र जोडणारी पेटी) बदलता येतो. प्लास्टरच्या आत गेलेली केबल बदलायची तर भिंत फोडावी लागते. म्हणून हे माहितीपत्रक घरी नेऊन निवांत वाचा आणि मगच ऑर्डर द्या.

आधी टेप लावून मोजा

तांब्याच्या नेटवर्क केबलची हद्द १०० मीटर आहे. कॅट ५ई असो, कॅट ६ असो की कॅट ६ए, महागातली घेतली म्हणून ही हद्द पुढे सरकत नाही. या १०० मीटरमध्ये भिंतीतली पक्की केबल ९० मीटर आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड (उपकरणाला जोडायच्या आखूड केबल) मिळून १० मीटर धरतात. मोजताना डोळ्यांना दिसणारं सरळ अंतर घेऊ नका. केबल राऊटरपासून छतापर्यंत चढते, पॅसेजमधून वळते, जिन्याच्या डक्टमधून खाली उतरते. नकाशावर ६० मीटर दिसणारा मार्ग सहज ८० मीटर भरतो. शिवाय दोन्ही टोकांना मीटर-दोन मीटर जादा केबल गुंडाळून ठेवा. उद्या जॅक खराब झाला आणि टोक कापून पुन्हा क्रिंप करायची वेळ आली, तर ती उपयोगी पडते.

काही वेळा १२० मीटरवरही स्विचचा दिवा लागतो, आणि तिथेच ग्राहक फसतो. थंडीत जोडलेली अशी लाइन मे महिन्यात पत्र्याखाली तापली की तारेचा रोध वाढतो, सिग्नल क्षीण होतो आणि नेट तुटक चालायला लागतं. मग राऊटर बदलला जातो, नेट कंपनीशी भांडण होतं, पण दोष केबलच्या लांबीत असतो. कॅमेऱ्यांच्या काही पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देणाऱ्या) स्विचवर "एक्स्टेंड" नावाचं बटण असतं, त्यावर २५० मीटरपर्यंत काम होतं. मात्र त्या पोर्टचा वेग १० एमबीपीएसवर येतो. एखाद्या कॅमेऱ्याला तेवढा पुरतो, ऑफिसच्या कॉम्प्युटरला नाही.

वेग किती हवा?

चांगली कॅट ५ई पूर्ण १०० मीटरवर १ जीबीपीएस (१००० एमबीपीएस) देते. २०१६ साली आलेल्या मानकानुसार २.५ जीबीपीएसही याच केबलवर चालतं. कॅट ६ वर १०० मीटरपर्यंत ५ जीबीपीएस मिळतं. तिच्यावर १० जीबीपीएसही चालतं, पण ५५ मीटरपर्यंतच, आणि बऱ्याच केबल एका गठ्ठ्यात बांधल्या असतील तर ३७ मीटरच धरा. १० जीबीपीएस पूर्ण १०० मीटर न्यायचं असेल तर कॅट ६ए लागते. ती जाड असते, वळवायला जड जाते, आणि तिचे जॅकही महाग पडतात.

कॅट ७ आम्ही विकत नाही. अमेरिकेच्या टीआयए या मानक संस्थेने तिला कधी मान्यता दिलेली नाही, आणि तिच्यावर नेहमीचा आरजे-४५ प्लग लावला की जादा पैसे दिल्याचा फायदाच उरत नाही. कॅट ८ ची हद्द ३० मीटर. ती डेटा सेंटरच्या रॅकसाठी आहे, घरासाठी घेऊ नका.

आता हे आपल्या कामाशी जोडून बघा. घरी १०० ते ३०० एमबीपीएसचा प्लॅन असेल तर कॅट ६ पुढची कित्येक वर्षं पुरेल. दुकानातल्या सोळा कॅमेऱ्यांनाही वेगाची फार गरज नसते. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण ४ एमबीपीएस घेतो, म्हणजे सोळा मिळून ६४. कॅमेऱ्याची खरी गरज आहे ती केबलमधून जाणाऱ्या विजेची, तिच्याबद्दल पुढे सांगतो. याउलट लग्नाचं शूटिंग करणारे स्टुडिओवाले ५० जीबीची फाइल सर्व्हरवरून उचलतात, तेव्हा १ जीबीपीएसवर साडेसात मिनिटांच्या आसपास जातात आणि १० जीबीपीएसवर एका मिनिटाच्या आत काम होऊ शकतं, अर्थात दोन्ही बाजूंच्या डिस्क तेवढ्या वेगवान असतील तर. अशांना आम्ही सर्व्हर ते स्विच आणि स्विच ते एडिटिंगचा कॉम्प्युटर एवढ्याच मार्गाला कॅट ६ए सुचवतो. बाकी ऑफिसला कॅट ६ पुरे.

तांबं आहे की तांब्याचा मुलामा?

हे पत्रक काढायचं मुख्य कारण हेच. बाजारात "कॅट ६" छापलेली, निम्म्या भावाची केबल मिळते. तिची तार आतून ॲल्युमिनियमची असते आणि वर तांब्याचा पातळ थर. तिला सीसीए म्हणतात. ॲल्युमिनियमची वहनक्षमता तांब्याच्या साधारण ६१ टक्के. तार ठिसूळ असते, जॅकमध्ये दाबताना किंवा दोन-तीनदा वाकवली की तुटते. १ जीबीपीएसला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. एक तार तुटली की वेग गुपचूप १०० एमबीपीएसवर येतो आणि कुणाला कळतही नाही.

पीओईवर तर ही केबल लावूच नका. पीओईचा स्विच त्याच केबलमधून कॅमेऱ्याला किंवा वायफायच्या ॲक्सेस पॉइंटला वीज देतो. जुन्या मानकात १५.४ वॅट, नंतरच्यात ३० आणि २०१८ पासून ९० वॅटपर्यंत. रोध जास्त असलेल्या तारेत ती वीज उष्णता होऊन वाया जाते. "दिवसा कॅमेरा नीट चालतो, रात्री सारखा बंद-चालू होतो," ही तक्रार आमच्याकडे वारंवार येते. रात्री इन्फ्रारेडचे दिवे लागतात, कॅमेरा जास्त वीज मागतो, आणि लांब सीसीए केबलच्या टोकाला व्होल्टेज पुरत नाही.

ओळखायचं कसं? तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर मुलामा. खोकं उचलून बघा, ॲल्युमिनियम तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही हलकं असतं. मल्टिमीटर असेल तर ३०५ मीटरच्या पूर्ण खोक्याची एक जोडी एका टोकाला पिळून जोडा आणि दुसऱ्या टोकाला मोजा. खऱ्या तांब्याचं माप ६० ओहमच्या आत येतं. ही चाचणी तुम्ही आमच्या काउंटरवर, आमच्याच खोक्यावर करून घ्या, आम्हाला आनंद वाटेल. वेष्टनावर छापलेले मीटरचे आकडेही सुरुवातीपासून शेवटपर्यंत तपासा. कमी भरलेली खोकी आम्ही पाहिली आहेत.

खरी तांब्याची कॅट ५ई ही नकली कॅट ६ पेक्षा केव्हाही बरी.

घराबाहेर, शेतात, दोन इमारतींमध्ये

साध्या केबलचं पीव्हीसी वेष्टन उन्हात तडकतं. बाहेरच्या कामाला काळ्या पॉलिथिलीन वेष्टनाची केबल घ्या. जमिनीत पुरायची असेल तर जेल भरलेली घ्या आणि ती पाइपमधून न्या, उंदीर-घुशी वेष्टन कुरतडतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगली-कोल्हापूर भागात ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं, त्यांनी रॅक आणि जोड पाणी आलेल्या खुणेच्या वरच ठेवावेत.

घर ते पोल्ट्री शेड, ऑफिस ते वजनकाटा, एक इमारत ते दुसरी, अशा मार्गांवर अंतर ५० मीटर असलं तरी आमचा आग्रह फायबरचाच असतो. वळवाच्या पावसात वीज जवळपास पडली की लांब तांब्याच्या तारेत झटका येतो आणि दोन्हीकडचे स्विच जळतात. दोन इमारतींचं अर्थिंग वेगवेगळं असेल तर त्यामुळेही धोका असतो. फायबरमधून वीज वाहत नाही आणि सिंगल मोड फायबर कित्येक किलोमीटर जातं. तार स्वतः फार महाग नसते, खर्च होतो टोकं जोडण्यात आणि दोन्ही बाजूंच्या मीडिया कन्व्हर्टरमध्ये (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारी पेटी). मात्र धातूची तार गुंफलेलं वेष्टन असलेलं फायबर घेतलंत तर हा फायदा कमी होतो. आणि पलीकडच्या टोकाला विजेची सोय वेगळी करावी लागते.

पैसे कुठे वाचवावेत

दर्जाच्या आकड्यात वाचवा, तांब्यात नाही. मजुरी तेवढीच लागते, म्हणून टीव्ही आणि टेबलामागे एकाऐवजी दोन केबल ओढून घ्या. पाइप एक माप मोठा टाका, त्यात ओढदोरी सोडून ठेवा. लाइटच्या वायरसोबत एकाच पाइपमध्ये नेटवर्क केबल नेऊ देऊ नका. एका केबलच्या चार जोड्या फोडून दोन पॉइंट काढून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा, दोन्ही पॉइंट कायमचे १०० एमबीपीएसवर अडकतील. काम झाल्यावर प्रत्येक पॉइंटला लॅपटॉप लावून लिंक १ जीबीपीएस दाखवतो का ते बघा, मगच शेवटचे पैसे द्या. आमच्या माणसांनाही हाच नियम लागू आहे.

येताना घराचा किंवा शेडचा हाताने काढलेला नकाशा आणा. त्यावर मोजलेले मीटर, मजले आणि कुठे काय बसणार ते लिहा. दर तांब्याच्या बाजारभावाप्रमाणे हलतात, त्यामुळे कोटेशन त्या दिवशीचं देऊ.