संरक्षण बजेटची चौथी मागणी आणि घरातला पीपीओ

1 फेब्रुवारीला टीव्हीवर संरक्षण खर्चाचा आकडा झळकला की सोबत लढाऊ विमानं दाखवतात. 2025-26 साठी हा आकडा 6,81,210 कोटी रुपये होता. त्यातले 1,60,795 कोटी, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, निवृत्तिवेतनाचा. सातारा-कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांचा किराणा याच पैशातून येतो. सगळ्या संरक्षण बजेटमध्ये आपल्या घरचा कागद लागतो तो एवढ्याच भागाला.

संरक्षण मंत्रालय संसदेकडे एकरकमी पैसे मागत नाही. चार वेगवेगळ्या अनुदान मागण्या असतात. मंत्रालयाचा नागरी खर्च ही एक. दुसरी महसुली, म्हणजे पगार, रेशन, इंधन, दुरुस्ती. ही सर्वांत मोठी, 2025-26 मध्ये 3,11,732 कोटींची. तिसरी भांडवली, म्हणजे नवी शस्त्रं, जहाजं, बांधकामं, त्याच वर्षी 1,80,000 कोटींची. चौथी निवृत्तिवेतनाची.

अर्थ मंत्रालयाचं बजेट परिपत्रक साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघतं. तिन्ही दलांची मुख्यालयं आपापले अंदाज पाठवतात, संरक्षण मंत्रालयाची वित्त शाखा ते तपासते, मग खर्च सचिवांसोबत बैठका होतात आणि कमाल मर्यादा ठरते. मागितलं तेवढं सहसा मिळत नाही. भांडवली रकमेतून आधी जुन्या करारांचे हप्ते भागवावे लागतात, उरेल त्यात नवी खरेदी. पुढे संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती मागण्या तपासते आणि लोकसभा त्या मंजूर करते. अनेकदा चर्चेला वेळच उरत नाही आणि बऱ्याच मंत्रालयांच्या मागण्या एका दमात मतास टाकल्या जातात. राज्यसभेला चर्चा करता येते, मागण्यांवर मत देता येत नाही. विनियोजन विधेयक संमत झालं की पैसे काढायची मुभा मिळते. 31 मार्चपर्यंत खर्च न झालेली रक्कम परत जाते.

चौथ्या मागणीत मात्र घासाघीस फारशी चालत नाही. 34 लाखांहून अधिक निवृत्तिवेतनधारक, त्यांचे दर आणि महागाईची वाढ, यांवरून रक्कम ठरते. 1 जुलै 2014 पासून लागू झालेली समान पद, समान पेन्शन योजना दर पाच वर्षांनी दर बदलते, तेव्हा बोजा आणखी चढतो.

यात पात्र कोण? नेहमीच्या सेवेसाठी जवानाला 15 वर्षं, अधिकाऱ्याला 20 वर्षं सेवा लागते. अपंगत्वामुळे घरी आलेल्यांचे नियम वेगळे. चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या अग्निवीराला मुदत संपल्यावर सेवानिधी ही एकरकमी रक्कम मिळते, पेन्शन नाही. याची भरतीच्या रांगेतल्या मुलांना कल्पना असते, आईवडिलांना बहुधा नसते. खडकी, भुसावळ, अंबरनाथच्या आयुध निर्माणींतले जुने कर्मचारीही याच मागणीतून पेन्शन घेतात.

निवृत्त जवान गेला की कुटुंब निवृत्तिवेतनाचा पहिला हक्क पत्नीचा. तिच्यानंतर 25 वर्षांखालची, न कमावणारी मुलं. अपंग अपत्याचे आणि अविवाहित, विधवा वा घटस्फोटित मुलीचे नियम वेगळे आहेत. सर्वसाधारण दर शेवटच्या पगाराच्या 30 टक्के. निवृत्तीनंतर मृत्यू झाला असेल, तर सुरुवातीची सात वर्षं किंवा मृताचं वय 67 झालं असतं तोपर्यंत, यांपैकी आधी येईल त्या तारखेपर्यंत वाढीव दर मिळतो. किमान रक्कम दरमहा 9,000, त्यावर महागाई सवलत.

अर्ज आता संरक्षण पेन्शनच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर होतो. आधी मृत्यूची नोंद करायची. मृत्यूचा दाखला, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), पत्नीचं आधार, पॅन, फोटो आणि तिच्या नावाचं बँक पासबुक एवढं तयार ठेवा. डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्तीवेळी मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तकही शोधून ठेवा, ते पेटीच्या तळाशीच सापडतं. नोंद व्हायच्या आत मृत्यूनंतरच्या काळाचं पेन्शन खात्यात आलं, तर ते काढू नका, पुढे वसूल होतं. मृत्यूच्या दिवसापर्यंतची थकबाकी मात्र वारसाला मिळते.

काम अडतं ते बहुतेक वेळा नावात. लष्कराच्या कागदात ‘सुमन’, आधारवर ‘सुमनबाई’. कधी लग्नाआधीचंच नाव राहिलेलं, कधी जन्मतारखेत दोन वर्षांचा फरक. लग्नाची नोंद पलटणीत पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे जवानाच्या कौटुंबिक नोंदींसाठी निघणाऱ्या लेखी आदेशाने होते. ती राहून गेली असेल, तर जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडेच जावं लागतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं ते बेळगावला आहे. एकट्याने पत्रव्यवहार करण्यापेक्षा आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा, तिथल्या लोकांना रेकॉर्ड ऑफिसची भाषा येते. आणि ही दुरुस्ती माणूस हयात असताना करून घ्या, त्याच्या एका सहीवर निम्मं काम होतं.

पेन्शन सुरू झालं तरी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावाच लागतो. जुन्या पेन्शनधारकांकडे त्याची गडबड नोव्हेंबरात उडते. ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल हयातीचा दाखला 10 नोव्हेंबर 2014 ला सुरू झाला. आता मोबाइलच्या कॅमेऱ्याने चेहरा दाखवूनही काम होतं. शेतीकामात बोटांचे ठसे झिजलेल्यांना यामुळे मोठाच दिलासा मिळाला. फोन जमत नसेल तर सीएससी (सामायिक सेवा) केंद्र, डीपीडीओ (संरक्षण पेन्शन वाटप कार्यालय) किंवा ठरावीक बँक शाखा आहेत.

यात एक ठेच मी स्वतः खाल्ली आहे. शेजारच्या हवालदारकाकांचा दाखला भरताना पेन्शन देणारी संस्था म्हणून मी बँकेचं नाव निवडलं, कारण पैसे बँकेतच येतात ना! पण स्पर्शवर गेलेल्यांनी मंजुरी देणाऱ्या रकान्यात ‘डिफेन्स – पीसीडीए (पी) अलाहाबाद’ आणि पेन्शन देणाऱ्या रकान्यात ‘स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’ निवडायचं असतं. पीसीडीए म्हणजे संरक्षण पेन्शनचे हिशेब पाहणारं कार्यालय. शहराचं नाव प्रयागराज झालं, यादीत अजून अलाहाबादच शोधावं लागतं. दाखल्याचा क्रमांक मिळाला म्हणून फोन बंद करू नका. काही दिवसांनी स्पर्शवर लॉगिन करून पुढच्या दाखल्याची तारीख एका वर्षाने सरकली आहे का, तेवढं पाहा. दाखला पोचलाच नसेल तर पेन्शन थांबतं. नवा दिल्यावर थकबाकीसह सुरू होतं, पण मधले महिने उधारीवर काढावे लागतात.