निशाणा बदलला की फितूर गेला? औषधाला दाद न देणाऱ्या पेशींची दोन रूपं

‘एन्झाइमच्या जनुकात म्युटेशन झालं आणि पेशी औषधाला दाद देईनाशी झाली’ हे वाक्य दोन अगदी वेगळ्या घटनांना सारखंच लागू पडतं. (एन्झाइम म्हणजे पेशीतली रासायनिक कामं घडवून आणणारं प्रथिन, म्युटेशन म्हणजे जनुकातला बदल.) एका घटनेत ते एन्झाइम हेच औषधाचं लक्ष्य असतं. दुसरीत ते औषधाला सक्रिय करणारं असतं. पहिल्या प्रकारात एन्झाइम टिकवून फक्त औषधाची पकड सोडवण्यात पेशीचा फायदा असतो, दुसऱ्यात ते एन्झाइम गमावण्यातच. हा फरक हातून निसटला की पुढचं सगळं उलटंसुलटं वाटायला लागतं.

लक्ष्य बदलण्याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. या रक्ताच्या कर्करोगात बीसीआर-एबीएल हे एन्झाइम थांबायचं नावच घेत नाही आणि पेशी वाढत राहतात. २००१ मध्ये मान्यता मिळालेलं इमॅटिनिब त्याच्या खाचेत बसून त्याला बंद पाडतं. पण ३१५व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल आलं, तर औषधाला धरून ठेवणारा एक हायड्रोजन बंध नाहीसा होतो आणि आयसोल्युसिनचा फुगवटाही आडवा येतो. त्याच खाचेत बसणाऱ्या, एन्झाइमला कामासाठी लागणाऱ्या एटीपी या रेणूचं मात्र काही अडत नाही, त्यामुळे एन्झाइमचं काम चालू राहतं. डॅसॅटिनिब आणि निलोटिनिब ही नंतरची औषधंही इथेच हात टेकतात. पोनॅटिनिबची रचना मात्र हा फुगवटा चुकवून बसेल अशीच केलेली आहे.

दुसऱ्या प्रकारात औषध पेशीत शिरतं तेव्हा निरुपद्रवी असतं. किल्ल्याचा दरवाजा आतून उघडून देणारा फितूर असावा, तसं पेशीचंच एखादं एन्झाइम त्याला घातक रूप देतं. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या संशोधनातून आलेली मर्कॅप्टोप्युरिन आणि थायोग्वानिन ही कर्करोगावरची औषधं अशीच. एचपीआरटी हे एन्झाइम एरवी वापरून झालेले प्युरिन (डीएनए बनवायला लागणारे रेणू) पुन्हा कामाला लावतं. या औषधांनाही ते प्युरिनच समजतं आणि त्यांचे न्यूक्लिओटाइड (डीएनए ज्यांनी बनतो ते घटक) तयार करतं. विष इथून पुढे सुरू होतं. एचपीआरटीचं जनुक निकामी झालं की पेशी सुखरूप, औषध तसंच पडून.

आता निकामी करणं किती सोपं आहे बघा. जनुकाचा तुकडा गळाला, मध्येच थांबण्याचा संकेत आला, एखादं अक्षर घुसून वाचनाची चौकट सरकली, काहीही चालतं. लक्ष्य बदलताना एवढी मोकळीक नसते, कारण औषध बसू नये पण मूळ काम चालावं या दोन्ही अटी एकदम पाळाव्या लागतात. म्हणून तिथे तीच ती मोजकी म्युटेशन रुग्णामागून रुग्णात दिसतात.

जनुकाच्या दोन प्रतींचा हिशेबही उलटा आहे. लक्ष्याची एकच प्रत बदलली तरी तिच्यापासून बनणारं एन्झाइम औषधाला न जुमानता काम करत राहतं. सक्रिय करणाऱ्या एन्झाइमची एक प्रत शाबूत असेल, तर तेवढीही औषध जागं करायला बहुधा पुरते. म्हणजे दोन्ही प्रती जायला हव्यात. एचपीआरटीचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे पेशीत त्याची एकच प्रत चालू असते आणि एका फटक्यात काम होतं. एखादं रसायन म्युटेशन घडवतं का हे तपासायला प्रयोगशाळेत हेच जनुक वापरतात, त्यामागे हे कारण आहे.

फितूर घालवण्याची किंमतही असते. एचपीआरटी नसलेल्या पेशींना जुने प्युरिन परत वापरता येत नाहीत, ते नव्याने बनवावेच लागतात. अमिनोप्टेरिन घालून तो नवा रस्ता बंद केला की या पेशी मरतात. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी हायब्रिडोमा (अँटिबॉडी बनवणारी पेशी आणि कर्करोगाची पेशी जोडून केलेल्या संकरित पेशी) तयार केले ते याच युक्तीवर: एचपीआरटी नसलेल्या मायलोमा (कर्करोगाच्या) पेशींपैकी ज्या दुसऱ्या पेशीशी जोडल्या गेल्या नाहीत, त्या आपोआप गळून पडल्या.

हे दोन्ही प्रकार एकाच औषधाच्या बाबतीत बघायचे, तर क्षयरोगावरचं आयसोनियाझिड घ्या. १९५२ पासून वापरात असलेलं हे औषध जिवाणूच्या कॅटजी या एन्झाइमने सक्रिय होतं आणि इनहा या दुसऱ्या एन्झाइमला अडवतं. मग जिवाणूच्या भिंतीतली मायकोलिक आम्लं बनत नाहीत. कॅटजीत सर्वाधिक सापडणारा बदल ३१५व्या जागीच आहे, सेरिनऐवजी थ्रिओनिन. (वरचा ३१५ वेगळ्या एन्झाइममधला, आकडा जुळला हा योगायोग.) हा बदल कॅटजीला पूर्ण मारत नाही. जिवाणूला स्वतःच्या बचावासाठी ते लागतं, म्हणून औषध जागं करण्याची क्षमता घटते आणि बाकीचं काम बरंचसं टिकतं. फितुरालाही पूर्ण काढून टाकणं परवडत नाही, असा हा मधला मामला.

इनहाच्या बाजूला बहुतेकदा एन्झाइमचा आकार बदलत नाही. जनुकाच्या आधीच्या नियंत्रक भागात म्युटेशन होऊन एन्झाइमच जास्त बनतं आणि औषध अपुरं पडतं. हा रोध, म्हणजे औषधाला दाद न देणं, सहसा सौम्य असतो, त्यामुळे आयसोनियाझिडचा डोस वाढवून कधी कधी उपयोग होतो. पण एथिओनामाइड हे क्षयरोगावरचं दुसरं औषधही शेवटी इनहावरच मारा करतं, म्हणून तेही निष्प्रभ ठरू शकतं. कॅटजी बदललेल्या जिवाणूत चित्र उलटं: आयसोनियाझिडला कडक रोध, पण एथिओनामाइडला जागं करणारं एन्झाइम वेगळं असल्यामुळे ते चालण्याची शक्यता राहते. जनुकीय चाचणीत ‘आयसोनियाझिड रोध’ एवढंच न पाहता कॅटजी आणि इनहा वेगवेगळे तपासतात, ते यासाठीच.