नवजात बालकातील प्रसूतीजन्य मज्जातंतू-इजा

बाळंतपण अडले आणि बाळ बाहेर येताना त्याच्या नसांवर (मज्जातंतूंवर) ताण किंवा दाब आला, तर होणारी इजा. खांद्याच्या नसांचे जाळे (ब्रेकियल प्लेक्सस) आणि चेहऱ्याची नस या तिच्या मुख्य जागा. खांद्याची इजा साधारण हजार जन्मांमागे एक-दोन बाळांना होते.

हे जाळे मानेतील पाचवी ते आठवी आणि छातीतील पहिली अशा पाच नसांच्या मुळांपासून बनते. डोके बाहेर आले, पण पुढचा खांदा आईच्या जघनास्थीमागे (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडामागे) अडकला, की मान आणि खांदा यांमधले अंतर ताणले जाते आणि ताण थेट या मुळांवर येतो. बाळाचे वजन जास्त असणे, आईला मधुमेह असणे, चिमटा (फोर्सेप्स) किंवा व्हॅक्यूम लावावा लागणे, पायाळू बाळ यांमुळे धोका वाढतो. तरी अनेक बाळांत यांपैकी काहीच नसते, कळांचा जोरही नसा ताणू शकतो आणि क्वचित सिझेरियनमध्येही ही इजा होते. म्हणून इजा दिसली की डॉक्टरला किंवा आईला दोषी धरणे अन्यायाचे ठरते. खांदा अडकल्यावर डोके ओढायचे नसते, पोटावरून गर्भाशयाचा माथाही दाबायचा नसतो. आईच्या मांड्या पोटाकडे घट्ट दुमडून जघनास्थीच्या वरच्या बाजूने दाब दिला, तर बरेचदा खांदा सुटतो.

वरच्या मुळांच्या इजेचे वर्णन मज्जातंतूंचे तज्ज्ञ द्युशेन यांनी १८७२ मध्ये आणि एर्ब यांनी १८७४ मध्ये केले. तिला एर्बचा पक्षाघात म्हणतात. हात अंगालगत, आत वळलेला. कोपर सरळ, मनगट दुमडलेले. दचकल्यावर बाळ एकच हात उचलते, पण तळहातावर बोट ठेवले तर दुखऱ्या हातानेही घट्ट धरते. खालच्या मुळांच्या इजेत ही पकड जाते. तिला याच क्षेत्रातल्या डॉक्टर ऑगस्टा क्लुम्पके यांचे नाव आहे. एकट्या खालच्या मुळांची इजा दुर्मीळ. पूर्ण हात लुळा असून त्याच बाजूची पापणी खाली आलेली व बाहुली लहान दिसली, तर मूळ मज्जारज्जूपासून उपटले गेल्याची दाट शंका घ्यावी. हाड मोडल्यानेही बाळ हात हलवत नाही, म्हणून एक्स-रे काढतात. श्वास जलद असेल, तर श्वासपटलाची नसही तपासावी लागते.

नुसती ताणलेली नस काही आठवड्यांत सावरते. आतले तंतू तुटले असतील, तर ते दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतात. त्यामुळे पहिले तीन महिने कोपर वाकते का, यावर सर्वांचे लक्ष असते. ते वाकले नाही, तर बाळ नसांच्या शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञाकडे गेलेच पाहिजे. पोटरीतली संवेदनेची नस काढून तुटलेल्या जागी जोडतात. मूळच उपटले असेल, तर शेजारची चालू नस वळवून आणतात. फार उशीर झाला, तर नस पोहोचेपर्यंत स्नायू तिला प्रतिसाद देण्याच्या स्थितीत राहत नाही.

‘लहान आहे, आपोआप सुटेल’ हे वाक्य इथे फार घात करते. बरीच बाळे सावरतात, हे खरेच. पण वाट पाहायची ती व्यायाम करत. पहिल्याच वर्षात खांदा आत वळून आखडू शकतो आणि सांध्याची खोबणही बिघडू शकते. दंड अंगाला टेकवून, कोपर काटकोनात ठेवून हात हळूच बाहेर वळवायचा. फिजिओथेरपिस्टकडून शिकून हे दिवसातून अनेकदा करावे. झबले घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. काखेत धरून बाळाला उचलू नये.

चेहऱ्याची नस चिमट्याच्या किंवा आईच्या कटीच्या हाडाच्या दाबाने दुखावते. रडताना तोंड चांगल्या बाजूला ओढले जाते, दुसऱ्या बाजूचा डोळा मिटत नाही. बहुतेक बाळे काही आठवड्यांत बरी होतात. तोवर डोळा थेंबांनी ओला ठेवावा लागतो. रडताना फक्त खालचा ओठ वाकडा होत असेल आणि डोळा नीट मिटत असेल, तर बहुधा ओठाचा एक स्नायू जन्मतः अविकसित असतो. ती प्रसूतीतली इजा नव्हे.